मांजर आणायचं नसतं, येतं

अहमदपूरच्या मोंढ्यात मांजरांची वाण कधीच नव्हती. सोयाबीन आणि तुरीची पोती आली की उंदीर येतात, उंदरांच्या मागे मांजरं येतात. आडतीवर त्यांची नोंद कुणी ठेवत नाही. त्यामुळे मोंढ्यालगतच्या एका जुन्या घरात पुण्याहून, तेही निवाऱ्यातून, फॉर्म भरून मांजर आणलं गेलं तेव्हा घरात सरळ दोन पक्ष पडले. एकीकडे काका. उभा जन्म शेती आणि आडत यांत गेलेला, शाकाहारी, मांजरांशी वैर नाही आणि लळाही नाही. दुसरीकडे पुतणी. पुण्यातली नोकरी सोडून गावाकडच्या शाळेत शिकवायला आलेली. मांजर म्हणजे राखाडी पट्ट्यांची, पुरती वाढलेली मादी. नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक छाटलेलं. निवाऱ्यात तिचं नाव ऑलिव्ह होतं, काकांनी पहिल्या दिवशीच ते मनी करून टाकलं. आल्यापासून ती आतल्या खोलीत पत्र्याच्या कोठीमागे बसून आहे आणि ओसरीवर वाद चालू आहे.

काका: माळेगावच्या यात्रेत मी घोडे बघितले, गाढवं बघितली, उंट बघितले. हाळीच्या बाजारातून बैल आणले. पण मांजर कुठून आणल्यालं आपल्या घरात कुणी बघितलं नाही. मांजर आणायचं नसतं बाई, ते येतं. घर पटलं तर राहतं, नाही पटलं तर वाटंला लागतं. तू तर तिला खोलीत कोंडलीस. पटायचं कसं?

पुतणी: आपणहून येतं त्या मांजराला सगळं आधीच ठाऊक असतं, काका. कुठल्या भिंतीवरून उडी मारायची, कुठल्या बोळात कुत्रं बसतं, कोणता हमाल हाकलतो. कितीतरी दिवस टेहळणी करून मग ते ओसरीवर पाय ठेवतं. हिला आपण उचलून आणलंय. मांजराचं घर वासानं उभं राहतं. गाल, कपाळ, पंजे घासून ते जिथं तिथं आपला वास लावून ठेवतं. या घरात हिचा वास कुठंच नाही. सगळं घर एकदम मोकळं केलं तर ती सगळ्या घराला भिणार. एकच खोली दिली की आधी तेवढी आपलीशी करेल.

काका: आणि हे निवारा काय असतंय? पांजरपोळ मला माहीत हाय, गायी-म्हशींचा. मांजरांचा पांजरपोळ ही पुण्या-मुंबईची हौस.

पुतणी: मुंबईचा पांजरपोळ 1834 साली निघाला तोच मुळी कुत्र्यांपायी. त्याआधी दोन वर्षं, 1832 साली, सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला म्हणून पारशी लोक रस्त्यावर उतरले होते. पुढं जमशेटजी जीजीभाईंनी पुढाकार घेतला. 1874 साली प्राण्यांचा छळ थांबवणारी संस्थाही मुंबईतच निघाली, तिचं परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आजही चालू आहे. पुण्यात रेस्क्यू ट्रस्टचं काम 2007 पासून चाललंय. नुसती हौस एवढी टिकत नाही.

काका: बरं, टिकली. पण आणायचंच होतं तर पिल्लू आणायचं. ते हाताखाली तयार होतं. ही तयार मांजर, हिच्या सवयी ठरलेल्या.

पुतणी: पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं. मोठी मांजरं पिंजऱ्यातच राहतात, म्हणून मोठी आणली. आणि सवयी ठरलेल्या असण्यात एक सोय आहे. ती भित्री आहे का धीट, माणसाजवळ बसते का लांब, हे आणायच्या आधीच कळतं. पिल्लाचं सगळं नशिबावर.

काका: ते असू दे. माझा मुद्दा कोंडण्याचा हाय. पुण्यात पिंजरा, इथं खोली. बिचारीनं सुटून काय मिळवलं?

पुतणी: तुम्ही हाळीहून बैल आणला की दुसऱ्या दिवशी औताला जुंपायचात का?

काका: येड लागलंय का? नवा बैल आधी वेगळा बांधायचा. पाणी दाखवायचं. आधीच्या मालकाकडं काय खात होता ते विचारून यायचं आणि तेच टाकायचं, एकदम चारा बदलला तर पोट बिघडतं. जुन्या जोडीजवळ न्यायचं नाही, शिंगं लागतात. चार-आठ रोज तो आपल्याला बघतो, आपण त्याला बघतो. लाल कंधारी गरीब म्हणतात, पण नव्या दावणीला तोबी डोळे काढतो.

पुतणी: मी निराळं काय करतेय? वेगळी खोली दिली. निवाऱ्यात जे खात होती तेच खाणं आणलं. खाणं आणि दोन ठिकाणी पाणी एका बाजूला, वाळूचं घमेलं समोरच्या कोपऱ्यात, कारण शौचाच्या जागेजवळ मांजर जेवत नाही. ओळखीचा वास राहावा म्हणून निवाऱ्यातलं फडकं न धुता तसंच ठेवलं.

काका: बैलाचं तू बरोबर पकडलंस. पण बैलाला आठ रोजांनी शिवार दिसतं. हिला शिवार कधी?

हा प्रश्न पुतणीला टाळता आला नाही आणि तिनं तो टाळलाही नाही. निवाऱ्यांत काम करणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे: भीती उतरायला 3 दिवस, घराची रीत कळायला 3 आठवडे, घर आपलं वाटायला 3 महिने. एखादं मांजर दुसऱ्याच दिवशी मांडीवर येतं, एखादं महिनाभर पलंगाखालून हलत नाही, त्यामुळे हा हिशोब पंचांगासारखा पाळायचा नसतो. पण खोलीचं दार कधी उघडायचं याचा निकाल मांजराच्या वागण्यावरून लागतो, हे त्यातून कळतं. रात्रीच खाणारी मांजर माणसासमोर खाऊ लागली, शेपूट उभं ठेवून चालू लागली, दाराच्या चौकटीला गाल घासू लागली, कुशीवर पाय ताणून झोपली, की दार किलकिलं करावं. ओसरी त्यानंतर. ओसरीच्या पलीकडचं मात्र दोघांचं जमेना.

काका: आपल्या जुन्या घराला माळवद होतं. मांजर माळवदावरून साऱ्या गल्लीत फिरायचं. बळदात उंदीर शिरला की खाली उतरायचं. कुणी त्याला आत घेतलं नाही, बाहेर काढलं नाही. पोत्यात घालून नदीपल्याड सोडलं तरी परत यायचं.

पुतणी: तेच तर. मांजर परत जायला निघतं. हिला आज सोडली तर ती जुनी जागा शोधत निघेल. ती जागा चारशे किलोमीटरवर आणि मधे नांदेड-लातूरचा हायवे. परत यावंसं वाटेल असं इथं तिचं अजून काही झालेलंच नाही.

काका: आज नको, महिन्यानं. मग?

पुतणी: मग मोंढ्यातलं औषध. तुमच्या वेळी बळदात उंदीर होता आणि मांजर होतं. आता प्रत्येक गोदामात ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकतात. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्त फिरतो, आणि सुस्त उंदीर मांजराला आयता सापडतो. मग मांजराचंही रक्त गोठेनासं होतं, आतल्या आत स्राव होतो. वेळेत डॉक्टरकडं नेलं तर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. पण बाहेर फिरणारं मांजर दोन दिवस दिसलं नाही तर आपण म्हणतो, गेलं असेल कुठं. तुमच्या लहानपणचं शिवार मोकळं होतं, काका. आताचं विषाचं आहे.

काका (थोडं थांबून): वड्या आपल्या गोदामातबी हायत.

पुतणी: माहीत आहे मला.

काका: काढू. पिंजरे लावू. पण शेजारच्या आडतीच्या वड्या मी काढू शकत नाही, हे तुझं खरं.

इथं काकांनी पहिल्यांदा माघार घेतली. पण त्यांच्याकडे एक भक्कम मुद्दा शिल्लक होता, आणि तो निघाला नातवावरून. घरातला सहा वर्षांचा नातू कोठीमागे हात घालून मनीला ओढायला गेला, तेव्हा पुतणीच्या आधी काकाच ओरडले.

काका: तुमच्या नव्या लोकांचं हेच चुकतं. आणलं की उचलायचं, कुरवाळायचं, फोटो काढायचा. आम्ही मांजराला हातच लावत नव्हतो. ते आपल्या जागी, आम्ही आमच्या. म्हणून ते निवांत असायचं.

पुतणी: यात मी तुमच्याच बाजूची आहे. हॉलंडमधल्या एका निवाऱ्यात 2014 साली नव्या मांजरांवर एक प्रयोग झाला. 10 मांजरांना लपायला खोकं दिलं, 9 जणांना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर शांत झाली. लपायला मिळालं की मांजर बाहेर यायला शिकतं. म्हणून कोठीमागे मी साबणाचं रिकामं खोकं आडवं ठेवलंय, दोन्हीकडून तोंड असलेलं. एकीकडून कुणी आलं तर दुसरीकडून निघता यावं.

काका: मग नुसती खोलीत जाऊन बसतेस कशाला?

पुतणी: वह्या तपासायला. तिच्याकडं बघत नाही, हाक मारत नाही. माणूस आत येतो, बसतो, आपल्याला काही करत नाही, एवढं तिला कळू दे. टक लावून बघणं मांजराच्या लेखी धमकी असते. त्यापेक्षा डोळे हळूच अर्धे मिटायचे आणि उघडायचे. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठानं 2020 साली हे तपासून पाहिलं. असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडंही मांजरं जास्त येतात.

काका: ते तपासायला विद्यापीठ कशाला लागतंय? तुझी आजी माळा ओढत बसायची, डोळे मिटून. गल्लीतलं हरेक मांजर तिच्याच पदरावर.

माझ्या मते या संवादातली ही जागा सगळ्यात मोलाची. मांजर रुळवण्याच्या नव्या शास्त्रातला एक मोठा भाग म्हणजे मांजराच्या वाटेला न जाणं. जुन्या घरांना ते न शिकता येत होतं, कारण त्यांना मांजराकडून उंदरांपलीकडे काही नको होतं. नव्या घराला मांजराकडून प्रेम हवं असतं, तेही लगेच. नातवाचा हात कोठीमागे जातो तो त्या घाईपोटी. पण जुन्या अलिप्ततेला दुसरी बाजूही होती. मांजर आजारी पडलं, मेलं, हरवलं, तर त्याची जबाबदारी कुणाची नव्हती. दत्तक घेणं म्हणजे ती जबाबदारी आपणहून उचलणं. ती पडते घराच्या सवयींवर, आणि खरी खटपट तिथंच होते.

काका: सवयी म्हणजे?

पुतणी: उद्यापासून फरशीला फिनेल नको.

काका: का बरं? पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, घरभर वास सुटतो. माशा येत नाहीत.

पुतणी: त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला निवळता येत नाही. माणसाला जमतं, कुत्र्यालाही बऱ्यापैकी जमतं, मांजराला नाही. ओल्या फरशीवरून ती चालते, मग बसून पंजे चाटते, म्हणजे फिनेल पोटात. धुण्याच्या साबणाचं पाणी आणि वरून साधं पाणी पुरतं. तसंच तापाच्या गोळीचं. माणसाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध तिच्या अंगाला लावायचं नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या डब्यात बंद.

काका: दूध तरी चालतं का? का तेबी विष?

पुतणी: विष नाही, पण मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचत नाही. जुलाब होतात. आपल्याकडं सगळी मांजरं दूध-भाकरीवर जगली असं आपण म्हणतो. ती जगली उंदरांवर. दूध-भाकर वरकड होती.

काका: मग हिला काय घालायचं? आपल्या चुलीवर अंडंबी कधी चढलं नाही.

पुतणी: चुलीवर काही चढवायचं नाही. पण मांजराला मांस लागतंच, त्याला पर्याय नाही. टॉरिन नावाचा एक घटक असतो, मांसात आणि माशात. तो मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसा बनवता येत नाही. तो मिळाला नाही तर दृष्टी जाते, काळीज कमजोर होतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी हे काळजाचं दुखणं टॉरिनच्या अभावाशी जोडून दाखवलं, तेव्हापासून मांजरांच्या तयार खाण्यात ते जास्त घालू लागले. मी तेच पाकीट वापरते. ताटली वेगळी, धुणं वेगळं.

काका: म्हणजे माझ्या छपराखाली मांस.

पुतणी: आधीही होतं. माळवदावर मांजर उंदीर खायचं तेव्हा आपण वर बघत नव्हतो, एवढंच. डोळे मिटून दूध पिण्याची म्हण मांजरावर आहे, पण डोळे आपण मिटले होते.

काका (हसून): शाळेत असंच बोलतीस का पोरांशी? बरं. ताटली आतल्या खोलीतच. सोप्यात नाही, देवघराच्या वाटेवर तर मुळीच नाही.

पुतणी: कबूल. आणि एक लक्षात ठेवा. तिनं पहिला दिवस काही खाल्लं नाही तर घाबरायचं नाही. पण दोन दिवस तोंडाला काहीच लावलं नाही तर थांबायचंही नाही. उपाशी मांजराच्या, त्यातून जाडजूड मांजराच्या, यकृतात चरबी साठते आणि ते दुखणं जिवावर येतं.

काका: आणि पाणी? तू दोन ठिकाणी पाणी ठेवलंस. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते मी बघितलंय. आपल्याकडं माणसाला पाण्याचे वांधे, आणि मांजराला दोन भांडी?

पुतणी: चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 मिली लागतं, तुमच्या दोन कप चहाइतकं. मांजराचे पूर्वज वाळवंटाकडचे, त्यांना तहान कमी लागते. शिकारीतूनच ते पाणी मिळवतात. कोरड्या खाण्यावर मात्र ते मिळत नाही आणि मग मूत्रमार्गाची दुखणी लागतात. एक मातीचं भांडं तुम्ही द्या. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवायची नाही एवढं पाळलं की आपल्या उन्हाळ्यात ती राहील.

काका: राहील. पण तिला पिल्लं होणार नाहीत. हे मला पटत नाही, स्पष्ट सांगतो. मांजरीनं पिल्लं तोंडात धरून सात घरं फिरवायची, ही रीत हाय. तुम्ही तिचं आईपणच काढून घेतलं.

पुतणी: सात घरं ती रीत म्हणून फिरवत नाही. जागा घाण झाली, कुणी डोकावलं, बोका आला, की हलवते. सात घरं फिरून किती पिल्लं उरतात ते मोंढ्यात तुम्हीच बघता. मांजर सहा महिन्यांची व्हायच्या आत गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत विते. वर्षात दोन-तीन वेळा. उन्हाळ्यात गोदामामागं मेलेली पिल्लं उचलतं कोण?

काका: हमाल.

पुतणी: मग?

काका: मग काही नाही. पटत नाही म्हणालो, चूक आहे म्हणालो नाही. आता माझं ऐक. तुझ्या सगळ्या हिशोबात एक भोक हाय. एक मांजर तू पुण्याहून आणलीस, तिला खोली, खोकं, पाकीट, मातीचं भांडं. आणि मोंढ्यात वीस फिरतात, त्यांना वड्या. हे कसलं प्रेम?

पुतणीला यावर पटकन उत्तर सुचलं नाही. अहमदपुरात मांजरांचा निवारा नाही, हे कारण होतं, उत्तर नव्हतं. शेवटी वाद उदगीरवर आला. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतलं. मनीला रेबीजची लस दरवर्षी द्यायची आहे, शिवाय मांजरांच्या साथीच्या रोगांची तिहेरी लस आहे, जंताचं औषध आहे. तिकडं एक फेरी होणारच.

पुतणी: मांजरींची नसबंदी तिथं कशी होते, ते त्याच फेरीत विचारता येईल. पण मोंढ्यातलं मांजर धरणार कोण? ते ओरबाडणार. ओरबाडलं, चावलं, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची. हळद, चुना काही भरायचं नाही.

काका: धरायला हात कशाला लागतात? उंदरांचे पिंजरे मोठे करून घ्यायचे. लोहाराकडं दोन टाकतो. आत खाणं ठेवायचं, दोरी ओढायची. हमालांना सांगतो, ती मांजरं त्यांना ओळखतात.

पुतणी: आणि मनीचं शिवार?

काका: ओसरीला जाळी मारू. वरच्या गच्चीच्या कठड्यालाबी. ऊन मिळंल, कबुतरं दिसतील, उंचावर बसायला जुनी मांडणी ठेवू. मोकळी नाही, पण खोलीबी नाही. तुझं अर्धं, माझं अर्धं.

पुतणी: जाळीचा खर्च?

काका: जाळी माझी. उदगीरचं गाडीभाडं तुझं, दर खेपेला. आणि पुढचं मांजर पाहिजे झालं तर पुण्याला जायचं नाही, मोंढ्यात यायचं. फॉर्म मी भरून घेईन.